चॉकलेट खात्याचे नाना

भूगावातल्या आमच्या सोसायटीत कुणाला काय भेट द्यावी असा पेच पडला, की सुटकेचे दोन रस्ते असतात. एक चांदणी चौकातून पुण्यात जातो, दुसरा बी विंगच्या तळमजल्यावर नानांच्या दारात. पहिल्यावर गाड्यांची कोंडी असते, दुसऱ्यावर प्रश्नांची. तरी जाणते लोक दुसराच धरतात. पहिल्या रस्त्याने गेलेला माणूस काहीतरी घेऊन येतो. नानांकडे गेलेला निदान काय घ्यायचं नाही हे तरी नक्की करून येतो.

"कुणाला द्यायचंय?" इथून सुरुवात होते. मग घरात माणसं किती, त्यांत दात स्वतःचे असलेली किती, शुगर कुणाला, फ्रिज चालू आहे का, मागच्या खेपेला त्यांच्याकडून काय आलं होतं, आलं तेव्हा डबा सीलबंद होता का. शेवटचा प्रश्न नाना आवाज खाली आणून विचारतात, "आणि संबंध कसे ठेवायचेत?" या प्रश्नावर भलेभले गप्प होतात. हिंजवडीच्या आयटी पार्कात काम करणारी तरुण मंडळी डिसेंबरात सिक्रेट सांताची चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे येतात. पाचशेची मर्यादा असते आणि चिठ्ठीत हमखास मॅनेजरचं नाव निघतं. नानांचं कोष्टक ठरलेलं आहे: बरोबरीच्याला मिल्क, साहेबाला सत्तर टक्के डार्क, आणि ज्याच्याशी अजिबात पटत नाही त्याला नव्याण्णव टक्के. "महागही दिसतं, परदेशीही दिसतं, आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघून आपलं पैसे वसूल व्हत्यात."

स्वतः नाना चॉकलेट खात नाहीत. जेवणानंतर गुळाचा खडा, तोही कोल्हापूरचा, एवढंच त्यांचं गोड. मग हे खातं त्यांच्याकडे आलं कसं?

पिरंगुटच्या एका कारखान्यात नानांची उभी हयात स्टोअर्समध्ये गेली. इनवर्ड त्यांच्याकडे. गेटात ट्रक लागला की चलन बघायचं, माल मोजायचा, बॅच नंबर टिपायचा, नमुना तपासणीला धाडायचा आणि सगळं जुळलं तरच जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची नोंद, काढायचा. बोल्टची पेटी असो की साहेबाची खुर्ची, नानांनी मोजल्याखेरीज आत गेली नाही. कारखान्याची मूळ कंपनी जर्मन. एका डिसेंबरात तिकडून नाताळची भेट म्हणून चॉकलेटचं भलंमोठं खोकं आलं. सगळं ऑफिस गेटावर जमलं आणि नाना खोक्यासमोर हात आडवा धरून उभे राहिले. "ड्रॉइंग कुठंय ह्याचं? टॉलरन्स काय? ज्या मालाचं ड्रॉइंग न्हाई तो पास करायचा कसा?" खोकं तीन दिवस क्वारंटाईनच्या पिवळ्या चौकोनात पडून राहिलं. चौथ्या दिवशी नानांनी स्वतःच चॉकलेटचं स्पेसिफिकेशन लिहून काढलं. कारखाना सुटला, ते स्पेसिफिकेशन सुटलं नाही.

त्यातलं पहिलं कलम: डबा मोजू नये, माल मोजावा. राखीला, दिवाळीला आणि नाताळला दुकानात जे देखणे डबे लागतात, त्यांत बऱ्याचदा चॉकलेटं तीच असतात; वरचं पुठ्ठ्याचं आवरण तेवढं बदलतं. कुठे भावाबहिणीचं चित्र, कुठे पणती, कुठे लाल टोपी. नाना डबा उलटा करतात, निव्वळ वजन बघतात, किमतीला भागतात आणि ग्रॅमचा भाव दुकानदाराला ऐकू जाईल असा पुटपुटतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी अठराचा पाच टक्के झाला. तेव्हापासून नाताळापर्यंत नानांनी पौड रस्त्यावरच्या दुकानदारांना सुखाने झोपू दिलं नाही. जुन्या छापील किमतीतून किती वजा व्हायला हवेत, ते चिठ्ठीवर काढूनच ते दुकानात शिरायचे.

दुसरं कलम घटकांचं. त्यासाठी खिशात भिंग असतं. बारीक अक्षर वाचायची ही सवय कारखान्याच्याही आधीची आहे. नानांचं मूळ गाव मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं. टाटांच्या वीज कंपनीच्या त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला, हे पुण्यातल्या लोकांनी पुस्तकात वाचलेलं असतं. नानांनी ते आजोबांच्या तोंडून ऐकलं. त्या आजोबांनी घराला एक नियम घालून दिला: कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही. तिसऱ्या पिढीत तो नियम चॉकलेटच्या वेष्टणापर्यंत आला, त्याला काय करणार? नाना वाचतात: साखर, दुधाची पावडर, कोको सॉलिड्स, इमल्सिफायर ४४२ आणि ४७६. 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' दिसलं की भिंग थांबतं. "हे कंपाऊंड. चॉकलेट न्हाई, चॉकलेटचा चुलतभाऊ."

फरक ते असा समजावतात. खऱ्या चॉकलेटातलं कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. तोंडातली ऊब त्याहून जास्त, म्हणून ते जिभेवर आपसूक विरघळतं. कंपाऊंडात कोको बटरऐवजी दुसरंच वनस्पती तेल घट्ट करून घातलेलं असतं. ते स्वस्त पडतं, उन्हात टिकतं आणि टाळूला मेणासारखं चिकटून बसतं. ही चाचणी नाना स्वतः करत नाहीत. सोसायटीतली पोरं हा त्यांचा तपासणी विभाग. एकेकाला तुकडा देऊन ते घड्याळ लावतात आणि विचारतात, "चिकटतंय का?" पोरं हुशार. कुणीच पहिल्या तुकड्यात नीट उत्तर देत नाही.

वास मात्र नाना स्वतः घेतात. मुळशीच्या आंबेमोहोरावर वाढलेलं नाक आहे. तांदूळ नवा की जुना, निव्वळ की भेसळीचा, हे पोत्यात हात न घालता सांगणारा माणूस. त्याच श्वासाने ते चॉकलेट हुंगतात आणि "कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवलेलं दिसतंय," म्हणून दुकानदाराला परत करतात. नव्वद टक्के वेळा खरं निघतं, कारण चॉकलेटातली चरबी शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेते.

बेल्जियमचं, स्वित्झर्लंडचं म्हणून कुणी चॉकलेट नाचवू लागला तर नाना त्याला पुणे जिल्ह्याचा भूगोल शिकवतात. तळेगावजवळ इंदुरीला कॅडबरी. बारामतीत फेरेरो. त्याच बारामतीत २०२१ पासून बॅरी कॅलबाऊ, जी जगभरच्या बिस्किटवाल्यांना आणि आइस्क्रीमवाल्यांना चॉकलेट पुरवते. "एवढं लांब कशाला जायचं? एसटीनं जाऊन येण्यासारखं बेल्जियम हाय आपल्याकडं." त्यांचा मुलगा स्टुटगार्टला असतो. तो सुट्टीवर आला, की नाना आधी त्याच्या बॅगेतली चॉकलेटं उलटी करून ती कुठे तयार झाली ते बघतात, मग मुलाला बस म्हणतात. त्या चॉकलेटांची वाटणीही तेच करतात. लाकडी पेटीतली व्याह्यांना, त्रिकोणी सख्ख्यांना, सुटी चुलत्यांना. आणि ज्यांनी जमिनीच्या मोजणीत आडवं लावलं त्यांना नुसतंच "पोरगा आलाय" हे सांगायचं.

नाताळापुरता नानांचा हिशेब बरा चालतो. डिसेंबरात मुळशीत थंडी असते, माल वितळत नाही, तारीख हलत नाही. अडचण आली ती वेगळीच. तिसऱ्या मजल्यावर नगरकडच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती. पहिल्या नाताळला नाना नीट तपासून पास केलेला, सोनेरी फितीचा चॉकलेटचा डबा घेऊन गेले आणि परत आले ते फराळाचं ताट घेऊन. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू. नानांनी ताट बायकोपुढे, म्हणजे आमच्या काकूंपुढे, ठेवलं आणि म्हणाले, "सण त्यांचा, अन् फराळ त्यांनी केला. मी साहेबावानी चॉकलेट घेऊन गेलो. आता ह्या घरात मराठी कोण, सांग." दुसऱ्या मजल्यावरच्या गोव्याच्या जोडप्याकडून तर कुस्वारचं ताट आलं: नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं आणि बेबिंकची जाड वडी. नेवरी म्हणजे करंजीच, हे नानांनी हुंगून ओळखलं. बेबिंकचे थर त्यांनी भिंगातून मोजले.

त्या वर्षीपासून नानांच्या वहीत फ्लॅटवार पानं पडली. डावीकडे इनवर्ड, उजवीकडे आऊटवर्ड, आणि खाली 'शेरा'. बाईंच्या पानावर शेरा: 'उपवासकाळात गोड वर्ज्य. चाळीस दिवस काही नेऊ नये.' केरळच्या कुटुंबाच्या पानावर: 'रात्रपाळी. बेल वाजवू नये.' गोव्याच्या पानावर: 'काजूची मार्झिपान चालते. बदामाची दिल्यास हसतात.' लिफ्टमध्ये वर्षानुवर्षं एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहणारे आम्ही. समोरच्या दारातल्या माणसाचं आडनाव आम्हाला पाटीवरून कळतं. नानांना मात्र साऱ्या इमारतीची शुगर, रात्रपाळी, पथ्य आणि माहेर पाठ आहे. नुसतंच चौकशीला गेले असते तर लोकांनी दार लावून घेतलं असतं. चॉकलेट द्यायचंय म्हटल्यावर माणसं चहा टाकतात.

नानांची खरी परीक्षा घेतली ती ईस्टरने.

पहिला झटका अंड्याचा. काकू माळकरी. घरात अंड्याचं नाव निघत नाही. नाना कॅम्पातून चॉकलेटचं अंडं घेऊन आले तेव्हा त्यांनी ते दारातच थांबवलं. नानांनी भिंग दिलं. वेष्टणावर चौकोनात हिरवा ठिपका होता. मांसाहारी मालावर असतो तो तपकिरी त्रिकोण नव्हता. काकूंनी ठिपका तीनदा पाहिला, मग अंड्याला हात लावला. एका माळकरी घरात वाजतगाजत शिरलेलं हे पहिलं अंडं.

दुसरा झटका नानांना. त्यांनी अंड्यावर टिचकी मारली आणि चेहरा पडला. "आत पोकळ हाय!" वजनकाट्यावर ठेवलं. भरीव धरून केलेला सगळा हिशेब कोसळला. पुढचे काही दिवस नाना चवताळलेले होते. पोकळ अंड्याचा मूळ आरोपी त्यांनी नातवाकडून शोधून घेतला: इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ साली पहिलं पोकळ अंडं काढलं, १८७५ मध्ये कॅडबरीने काढलं. "दीडशे वर्षं हवा विकत्यात, अन् एकानंबी इनवर्डला अडवलं न्हाई!" तक्रार घेऊन ते बाईंकडे गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाना, ते रिकामं आहे म्हणूनच त्याला अर्थ आहे. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली, म्हणून तर आमचा सण. भरलेली असती तर कसला ईस्टर?"

नाना बराच वेळ गप्प बसले. एवढा वेळ ते गप्प बसल्याची दुसरी नोंद नाही. मग म्हणाले, "पटलं. पण मग ते वजनावर विकू नये."

तिसरी भानगड तारखेची. नाताळ पंचवीसला म्हणजे पंचवीसला. ईस्टर सरकतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असं बाईंनी सांगितलं तेव्हा नाना उल्हसित झाले. "म्हंजे तुमचंबी तिथीवरच हाय की! उगाच आम्ही तुम्हाला इंग्रजी समजत होतो." त्यांनी लगेच आपलं सूत्र बसवलं: चैत्री पौर्णिमेला हनुमान जयंती, म्हणून हनुमान जयंतीनंतरचा रविवार तो ईस्टर. २०२२ साली जयंती १६ एप्रिलला, ईस्टर १७ ला. २०२३ साली ६ आणि ९. दोन्ही वर्षं सूत्र चोख. नानांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आणि बाईंना तारीख विचारणं बंद केलं.

२०२४ साली होळीची पौर्णिमाच २१ मार्चनंतर आली. ईस्टर ३१ मार्चला होऊनही गेला. नाना तिकडे हनुमान जयंतीची वाट बघत होते. ती २३ एप्रिलला. त्याच सुमाराला घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं कोकोचं पीक बुडालं होतं आणि जगाच्या बाजारात भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता. तरीही एप्रिलअखेर अंडी स्वस्तात मिळाली, हे नानांना स्वतःच्या खरेदीकौशल्याचं फळ वाटलं. २८ तारखेच्या रविवारी धुतलेला शर्ट घालून, अंड्यांची टोपली घेऊन ते बाईंच्या दारात उभे राहिले. "हॅपी ईस्टर." बाईंना चार आठवड्यांपूर्वीचा सण आठवावा लागला. दुसरा कुणी असता तर खाली मान घालून परतला असता. नाना दुपारी पुन्हा वर गेले, नातवाचा मोबाईल हातात धरून. ग्रीसमध्ये आणि रशियात, जुन्या पंचांगाने चालणाऱ्या ऑर्थोडॉक्स लोकांचा ईस्टर यंदा ५ मेला आहे, असं त्यांनी बाईंना दाखवलं. "म्हंजे उशीर न्हाई झाला. मी आठवडाभर आधीच आलोय." तेव्हापासून जानेवारीत बाई स्वतः खाली येतात आणि नानांच्या कालनिर्णयवर ईस्टरच्या चौकोनात पेनाने फुली मारून जातात.

राहता राहिला उन्हाळा. चौतीस अंशांना वितळणारा माल, चाळिशीला टेकलेलं पुणं, आणि कॅम्पातून भूगावला येईपर्यंत चांदणी चौकाच्या अलीकडे थांबलेली पीएमपीची बस. एका वर्षी नानांनी चॉकलेटचा ससा आणला. भूगावला उतरला तेव्हा त्याचे कान पोटात गेले होते आणि डोळा पाठीवर होता. नाना म्हणाले, "बसलेला ससा." पुढच्या वेळी त्यांनी मासेवाल्याकडून थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेतला. सशाचे कान शाबूत राहिले. वास मात्र बोंबलाचा आला. काकूंनी हिरवा ठिपका असूनही तो ससा गॅलरीत ठेवला. मग कुणी सुचवलं म्हणून आदल्या रात्रीच आणून फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी बाहेर, दुपारी पुन्हा आत. अंगावर पांढुरके डाग उमटले. बघणारे म्हणाले बुरशी. नानांनी भिंगातून पाहून निदान केलं: बुरशी नव्हे, उबेने सुटलेलं कोको बटर वर येऊन थिजलंय, खायला चालतं, द्यायला चालत नाही.

या साऱ्या अनुभवातून नानांचा अंतिम आदेश निघाला, तो सोसायटीच्या फळ्यावर दर मार्चमध्ये लागतो: 'नाताळास चॉकलेट. ईस्टरास मार्झिपान.' बदाम नाहीतर काजू वाटून साखरेत मळलेली मार्झिपान उन्हाला दाद देत नाही, ससा असो की अंडं, घाटात नेलं तरी आकार सोडत नाही. शिवाय भरीव असते, हा मुद्दा आदेशात नाही, पण नाना तोंडी सांगतात. खाली माळकरी घरांसाठी टीप: 'वरची पांढरी नक्षी अंड्याच्या पांढऱ्याची असू शकते. बेकरीत विचारून घेणे.' कॅम्पातल्या बेकऱ्यांमधून ईस्टरच्या आधी अंड्यावर नाव घालून देतात. नाना नावांची यादी टाईप करून नेतात, तीन प्रतींत, आणि एका प्रतीवर बेकरीवाल्याची सही घेतात.

२०२६ साली सगळं जुळून आलं. हनुमान जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ ला. नानांचं लाल शाईतलं सूत्र पुन्हा खरं ठरलं आणि त्यांनी ते बाईंना दोनदा सांगितलं. त्या रविवारी प्रार्थनेहून आल्यावर बाई खाली आल्या, हातात मार्झिपानचं अंडं, वर नक्षीत 'नाना'. "तुमच्याच बेकरीतून, तुमच्याच पद्धतीनं आणलंय," त्या म्हणाल्या. "नक्षी अंड्याविना. काकूंसाठी विचारून घेतलं. ग्रॅमचा भावही काढलाय, हवा तर सांगते."

आयुष्यभर दुसऱ्यांची चौकशी केलेल्या माणसाची कुणी अशी चौकशी केली, की त्याला हात कुठे ठेवावेत कळत नाही. नाना भिंग शोधायला आत गेले, मग वजनकाटा शोधायला. काटा घेऊन बाहेर आले तोवर काकूंनी अंड्याच्या चकत्या करून जिन्यावरच्या पोरांना वाटल्या होत्या आणि शेवटचा तुकडा, 'ना' एवढाच उरलेला, नवऱ्याच्या हातावर ठेवला.

नानांनी तो हुंगला. मग, दुसरा काही इलाज न उरल्यामुळे, खाल्ला.

"कसं आहे?" बाईंनी विचारलं.

नानांनी वही उघडली, बाईंचं पान काढलं, इनवर्डच्या रकान्यात लिहिलं आणि वाचून दाखवलं: "वजन, नोंद नाही. टाळूस चिकटत नाही. माल डेव्हिएशनखाली स्वीकारला." मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "पण नमुना अपुरा पडला, बाई. एवढ्यावर पक्का निकाल देता येणार न्हाई. आणखी एक धाडा."